युरेनियम धरणारा धागा किती फेऱ्या टिकेल?

समुद्राच्या लिटरभर पाण्यात युरेनियम असतं सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम, तेही कार्बोनेट आणि कॅल्शियमने घट्ट धरलेलं. ते ओढून घ्यायला पॉलिएथिलीनच्या धाग्यावर अ‍ॅमिडॉक्सिमचे गट जोडतात. जपानने १९९९ ते २००१ या काळात मुत्सु-सेकिनेच्या समुद्रात असं ३५० किलो कापड बुडवून सुमारे किलोभर युरेनियम काढून दाखवलं. भाभा अणुसंशोधन केंद्रानेही या वाटेने प्रयोग केले आहेत. तेव्हा धागा युरेनियम धरतो का, हा प्रश्न आता उरलेला नाही. तो धुऊन पुन्हा वापरता येतो का आणि नाही तर त्याला नेमकं कोण मारतं, हे पुढच्या कृतीने कळेल.

एकाच घाण्यातला धागा घ्या आणि त्याचे चार गट करा. पहिला तसाच ठेवायचा. दुसरा फक्त समुद्राच्या पाण्यात, तिसरा फक्त धुलाईच्या द्रावणात आणि चौथा दोन्हींतून फिरवायचा. मधल्या दोन गटांना कंटाळून बरेच जण फाटा देतात आणि मग दोष समुद्राचा की आम्लाचा, हे कधीच सांगता येत नाही.

सगळे नमुने शुद्ध पाण्याने धुऊन ४० अंशांच्या आसपास, निर्वातात, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. वजन लिहून ठेवा आणि अवरक्त वर्णपट घ्या.

मग अल्कली संस्कार. ०.४४ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, ८० अंशांवर, एक ते तीन तास. याने धागा फुगतो आणि पाणी आत शिरू देतो. मात्र रात्रभर ठेवून घरी जाऊ नका: हीच अल्कली पुढे अ‍ॅमिडॉक्सिमचंच कार्बोक्झिलेट करू लागते. संस्कारानंतर सामू उदासीन होईपर्यंत धुवा.

पाणी खरं समुद्राचंच हवं, गाळलेलं, वाहतं, २० अंशांच्या जवळ आणि काही आठवडे. शुद्ध पाण्यात युरेनिल नायट्रेट टाकून काढलेले आकडे दिसायला झकास असतात, पण त्यात ना कार्बोनेटची पकड असते ना व्हॅनेडियमची स्पर्धा. टाकी झाकून ठेवा, उजेडात धाग्यावर शेवाळ चढतं.

धुलाई दोन प्रकारे करा. अर्ध्या नमुन्यांना ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, उरलेल्यांना १ मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये ०.१ मोलर हायड्रोजन पेरॉक्साइड. आम्ल युरेनियम सोडवतं, पण गट तोडतं आणि त्यानंतर अल्कली संस्कार पुन्हा करावा लागतो. कार्बोनेट सौम्य आहे. मला तेच पसंत. पेरॉक्साइड ऐन वेळी मिसळा आणि बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो. दोन्ही धुवणं एकाच पिंपात ओतू नका, फसफसून बाहेर येतील. व्हॅनेडियम मात्र यांपैकी कशालाही सहज दाद देत नाही. ते उपटायला जेवढं तिखट आम्ल लागतं, तेवढ्यात धागाच संपतो.

आता वर्णपट पुन्हा घ्या, पण आधी सगळे नमुने एकाच रूपात आणा, सगळे आम्लरूपात किंवा सगळे पोटॅशियमरूपात. नाहीतर कार्बोक्झिलचं शिखर १७२० आणि १५६० सेंमी⁻¹ यांच्यामध्ये नुसतं जागा बदलतं आणि आपण त्याला झीज समजतो. खरी झीज म्हणजे १६४५ आणि ९३० जवळची अ‍ॅमिडॉक्सिमची शिखरं खाली जाणं आणि १५६० वर जाणं. जोडणीच्या वेळी मेथॅक्रिलिक किंवा इटाकोनिक आम्ल घातलं असेल, तर १५६० पहिल्यापासूनच असतं, म्हणून पहिल्या गटाशी ताडून पाहा.

धुवणातलं युरेनियम आयसीपी-एमएसवर मोजा, क्षार भरपूर असल्याने आधी पातळ करून. युरेनियम घटलं पण वर्णपट शाबूत असेल, तर धाग्याचा तुकडा आम्लात पूर्ण विरघळवून व्हॅनेडियम आणि लोह तपासा: जागा त्यांनी अडवली असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या गटातच कार्बोक्झिलेट वाढलं असेल, तर धुलाई बदलून फायदा नाही, समुद्रातला मुक्काम कमी करा.

शेवटी हिशेब. प्रत्येक फेरीची धारणाशक्ती मूळ कोरड्या वजनावर काढा. जोडलेला थर गळून धागा हलका झाला असेल, तर नव्या वजनाने भागल्यावर मेलेला धागाही तरतरीत दिसतो. अहवालात किमान तीन फेऱ्यांचे आकडे, धुलाईचा प्रकार आणि बुडवणीचे दिवस एकत्र द्या.