बायपासनंतरचा भ्रम टाळता येतो

बायपास व्यवस्थित होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र सत्तरीचे आबा सलाईनची नळी ओढू लागतात, ‘उसाला पाणी पाजायचंय, गाडी काढ’ म्हणतात, पोटच्या पोराला ओळखत नाहीत. घरचे हबकतात. कुणी वेड लागलं म्हणतं, कुणी अंगारा लावतं. हे वेड नव्हे आणि बाहेरचंही नव्हे. मोठ्या ऑपरेशनच्या ताणाने मेंदूचं काम तात्पुरतं विस्कळीत होतं, त्याला ‘डेलिरियम’ म्हणतात. हृदयाच्या ऑपरेशननंतर ज्येष्ठांमध्ये तो बऱ्याचदा आढळतो. काही रुग्ण उलट गप्प पडून राहतात. ‘शांत झोपलेत’ असं समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

येल विद्यापीठाच्या डॉ. शेरॉन इनूए यांनी १९९९ मध्ये वॉर्डातल्या सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांत १५ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला. झोप, हालचाल, पाणी, चष्मा आणि ऐकू येणं यांची खास काळजी घेतली, तिथे तो सुमारे १० टक्क्यांना झाला. हे घरच्यांनाही जमण्यासारखं आहे.

ऑपरेशनआधी: दारू, तंबाखू, मिश्री, झोपेच्या गोळ्या, विसराळूपणा यातलं काहीही डॉक्टरांपासून लपवू नका. रोजची दारू अचानक तुटली तरी भ्रम होतो. चष्मा, कानाचं मशीन, कवळी नाव घालून पिशवीत ठेवा.

ऑपरेशननंतर: भेटीला गेलात की आधी चष्मा चढवा, मग बोला. ‘आबा, आज मंगळवार. काल तुमचं ऑपरेशन झालं. आपण कोल्हापुरात दवाखान्यात आहोत. मी तुमचा थोरला.’ पेपरमधल्या दोन बातम्या वाचून दाखवा. ते भलतंच बोलले तर वाद घालू नका. दिवसा उजेड, रात्री अंधार आणि शांतता असू द्या. दुखणं सोसायला लावू नका, नर्सना सांगा. फिजिओथेरपिस्ट सांगतील तसं लवकर बसवा, चालवा, पण बगलेत हात घालून ओढू नका. छातीचं हाड जुळत असतं. पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच द्या. लघवी किंवा शौचाला अडचण असेल तर कळवा. मनाने झोपेची गोळी देऊ नका.

अचानक भ्रम, जास्त गुंगी, ताप किंवा धाप दिसली तर लगेच नर्सना बोलवा. तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, तर क्षणभरही थांबू नका, तो पक्षाघात असू शकतो.

गडहिंग्लज असो की शाहूवाडी, ऑपरेशनची तारीख ठरली की आबांच्या सवयी आणि रोजच्या गोळ्या कागदावर लिहून सर्जनच्या हातात द्या. आयसीयूत आळीपाळीने कोण भेटणार, हेही त्याच दिवशी घरात ठरवा.