लेकरांच्या छातीची दुखापत

सुगीच्या दिवसांत मुलें गाडीवर, ट्रॅक्टरवर, कडब्याच्या गंजीवर चढतात आणि पडतातहि. पडलेल्या लेकराला उठवून आपण प्रथम रक्त पाहतों, मग कोठें हाड मोडलें काय तें चांचपतों; कांहीं न आढळल्यास ‘थोडक्यांत निभावलें’ असें म्हणून पुन्हां कामास लागतों. छातीच्या बाबतींत ही परीक्षा अगदीं अपुरी आहे. तिच्यावर विसंबून आम्ही स्वतः एकदां चुकलों आहों.

मोठ्या माणसाच्या बरगड्या वाळलेल्या कामट्यांसारख्या असतात. जबर मार बसला कीं मोडतात, आणि मोडतांना माराचा कांहीं जोर आपल्यावर घेतात. लेकराच्या बरगड्या ओल्या बांबूच्या कामट्यांसारख्या. त्या वांकतात व पुन्हां सरळ होतात. ओल्या कामट्यांच्या टोपलीवर कोणी पाय दिला तर टोपली शाबूत राहील, परंतु आंतील अंडीं राहतील काय? त्याचप्रमाणें बरगडी न मोडतां, कातडीवर ओरखडाहि न उठतां, आंतील फुप्फुस ठेंचलें जातें. ठेंचलेल्या भागांत रक्त व पाणी झिरपूं लागतें, आणि हें कित्येक तास, कधीं दुसऱ्या दिवसापर्यंत चालतें. म्हणून सकाळीं पडलेलें मूल दुपारीं खेळलें, एवढ्यावरून तें सुरक्षित आहे असें ठरत नाहीं.

आमच्या शेजारच्या वाडींतील सहा वर्षांच्या एका मुलाच्या छातीच्या कडेवरून रिकाम्या गाडीचें चाक गेलें. आम्ही तेथेंच होतों. जखम नव्हती, मुलगा रडला आणि गप्प झाला. ‘पाणी पाजा आणि निजूं द्या’ असा सल्ला आम्हींच त्याच्या आईस दिला. दिवेलागणीस ती धांवत आली व म्हणाली, ‘पाळकसाहेब, पोरगं लई धापतंय, बोलत न्हाई.’ जिल्ह्याच्या रुग्णालयांत पोहोंचेपर्यंत त्याचे ओठ निळसर झाले होते. फुप्फुसाबाहेर हवा साठून फुप्फुस दबलें होतें. डॉक्टरांनीं बरगड्यांमधून नळी घालून ती हवा काढली, प्राणवायु दिला, आणि मुलगा वांचला. क्ष-किरणांच्या चित्रांत एकहि बरगडी मोडलेली नव्हती.

तेव्हां पाहावयाचें तें श्वासाकडे. मूल शांत असतां अंगरखा वर करून पुरें एक मिनिट श्वास मोजावे. २ महिन्यांपासून १ वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद आहे असें समजावें. (गांवच्या आशाताईंस हें मोजणें येतें, त्यांच्याकडून शिकून घ्यावें.) नाकपुड्या फुलणें, बरगड्यांखालीं खळगा पडणें, कण्हत श्वास सोडणें, थुंकींतून रक्त, ओठांचा निळेपणा, न जाणारी सुस्ती, ह्यांतील एकहि दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये. मार जबर असेल, म्हणजे चाक, बैलाचें शिंग किंवा उंचावरून पडणें, तर चिन्ह नसतांहि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

छाती फडक्यानें आंवळून बांधण्याची जुनी रीत सोडून द्यावी. तिनें श्वास अधिकच उथळ होतो. चोळूं नये, शेकूं नये, खाण्यापिण्यास देऊं नये. कांहीं रुतलें असल्यास उपटूं नये. मान व पाठ दुखत नसेल तर मुलास ज्या रीतीनें श्वास सोपा वाटेल तसें बसूं द्यावें. महाराष्ट्रांत १०८ ह्या क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका विनामूल्य येते.

‘तेथें छाती फाडतात’ ह्या भीतीनें पुष्कळ लोक मागें राहतात. वास्तविक बहुतेक मुलांस प्राणवायु, वेदनेवर औषध व नीट देखरेख एवढेंच पुरतें; कांहींना नळी लागते, छाती उघडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. वेदनेवरील औषध हें लाड नव्हे. दुखत असतां मूल खोल श्वास घेत नाहीं, खोकत नाहीं.

एक नाजूक गोष्टहि लिहिली पाहिजे. तान्ह्या बाळाची बरगडी सहजासहजीं मोडत नाहीं. अपघातावांचून ती मोडलेली आढळल्यास, बाळाला कोणी आंवळलें वा मारलें काय, असें डॉक्टर विचारतील. आईबापांनीं त्याचा राग मानूं नये. आणि मंडळीच्या सेवकांनीं तर अब्रूसाठीं असें प्रकरण मुळींच झांकूं नये.

मोठीं मुलें मार खाण्याच्या भयानें पडल्याचें लपवितात. संध्याकाळीं एखादें मूल विनाकारण धापूं लागलें, तर त्यास रागें न भरतां दिवसभर कोठें होतें तें विचारावें, त्याच्या सोबत्यांसहि विचारावें, आणि काय घडलें व केव्हां, तें डॉक्टरांस जसेंच्या तसें सांगावें.