प्राणिसंग्रहालयातील गुरुजी

कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पदरी एके काळी शिकारी चित्ते असत. चित्तेवान मोठ्या चिकाटीने त्यांना माणसाळवीत. शिकारीच्या दिवशी चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला गाडीतून माळावर नेत आणि काळवीट टप्प्यात येताच पट्टी काढून मोकळे सोडीत. त्याची ती विजेसारखी धाव पाहून लोक थक्क होत. परंतु हे चित्ते येतात कोठून, याचा विचार फारसा कोणी करीत नसे. पाळलेल्या चित्त्यांना पिले क्वचितच होत. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. हळूहळू भारतातील चित्ते इतके विरळ झाले, की कोल्हापूर दरबारास ते आफ्रिकेतून आणवावे लागले. १९४७ च्या सुमारास सध्याच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले. ते भारतातील अखेरच्या चित्त्यांपैकी मानले जातात. १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले.

चित्ता पाहिला पुष्कळांनी. जाणला मात्र फार थोड्यांनी. पाहणे आणि जाणणे यांतील हे अंतर कमी करणे, हेच प्राणिसंग्रहालयातील शिक्षकाचे काम होय.

पूर्वी प्राणिसंग्रहालय म्हणजे केवळ करमणुकीचे ठिकाण समजले जाई. पुण्याचे पेशवे उद्यान १९५३ मध्ये सुरू झाले. तेथे पिंजऱ्यांपुढे मुलांची झुंबड उडे. पुढे या विचारात पालट झाला. प्राण्यांना मोकळी जागा मिळावी, म्हणून पुण्याचे प्राणिसंग्रहालय कात्रज येथे नेण्यात आले व १९९९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. १९९२ मध्ये देशातील प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवण्यासाठी केंद्रीय प्राधिकरण स्थापन झाले. वन्य प्राण्यांचे रक्षण करणे आणि लोकांच्या मनात त्यांच्याविषयी आस्था उत्पन्न करणे, हे आता प्राणिसंग्रहालयाचे कर्तव्य ठरले आहे.

हे दुसरे कर्तव्य भिंतीच्या आत राहून पुरे होत नाही. म्हणून शिक्षकाला पिशवी खांद्यास अडकवून शाळाशाळांतून जावे लागते. त्या पिशवीत काय असते? सापाने टाकलेली कात, वाघाच्या पावलाचा प्लॅस्टरमध्ये घेतलेला ठसा आणि काही चित्रे. जिवंत प्राणी त्यात नसतो. वन्य प्राण्याला गर्दीत आणून त्याचा खेळ मांडणे म्हणजे शिकवणे नव्हे, हाच त्याचा पहिला धडा असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील शाळेत असा शिक्षक आला, तर त्याने काय सांगावे? वाघसिंहांच्या गोष्टी मुलांना आवडतील खऱ्या. परंतु मुलांची गाठ पडते ती उसाच्या फडातील सापाशी आणि बांधावर आलेल्या गव्याशी. म्हणून तो आरंभ सापापासून करतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप ओळखावयास शिकवितो. धामण बिनविषारी असून ती उंदीर खाते व शेतकऱ्याचे धान्य राखते, हे पटवून देतो. साप चावल्यास जखम कापू नये, विष चोखू नये, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. रोग्याला धीर देऊन, फार हालचाल करू न देता, तडक रुग्णालयात न्यावे, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. या चार वाक्यांवर एखाद्याचा जीव अवलंबून असतो.

मग गव्याची पाळी येते. कोल्हापूरच्या राजांचे शिकारीचे रान असलेल्या दाजीपूरच्या वनात १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी ठिकाणे जागतिक वारसा म्हणून मान्य झाली, त्यांत राधानगरीही आहे. लोक गव्याला 'गवारेडा' म्हणतात. इंग्रजांनी त्याला 'बायसन' म्हटले. शिक्षक सांगतो, की ही दोन्ही नावे चुकीची होत. गवा रेडा नव्हे. तो गाईबैलांच्या कुळातील आहे. खरा बायसन अमेरिकेत व युरोपात आढळतो. पूर्ण वाढलेल्या गव्याचे वजन एक हजार किलोपर्यंत भरते. पण हा प्रचंड प्राणी स्वभावाने बुजरा असतो. गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे त्याचे पाय पाहिले, की तो चटकन ओळखता येतो.

इतक्यात एखादा शेतकऱ्याचा मुलगा उठून विचारतो, "गुरुजी, रात्री गव्यांनी आमचे पीक तुडविले, त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. खरा शिक्षक तो टाळीत नाही. ज्याच्या ताटातील घास गेला, त्याला प्राणिप्रेमाचा नुसता उपदेश करणे योग्य नव्हे, हे तो जाणतो. पिकाची नासाडी झाल्यास वनखात्यास तातडीने कळवून पंचनामा करून घ्यावा. शासन भरपाई देते, ही माहिती तो देतो. गव्याच्या मागे लागून त्याला बिथरविल्यास पिकाबरोबर माणसाचा जीवही धोक्यात येतो, हेही सांगतो.

त्याचे बोलणे मुलांच्या मनावर ठसते, ते पुण्याच्या दोन गव्यांच्या हकिकतीने. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यातील कोथरूड भागात एक गवा वाट चुकून आला. बातमी पसरली आणि बघ्यांची गर्दी लोटली. भेदरलेला गवा गल्लीबोळांतून धावत राहिला. अखेर बेशुद्ध करून त्याला पकडण्यात आले. परंतु तो वाचला नाही. त्या गर्दीतील कोणाचीही त्याला मारण्याची इच्छा नव्हती. त्यांना फक्त तो पाहावयाचा होता! त्याच महिन्यात पुण्याच्याच पाषाण-बावधन परिसरात दुसरा गवा दिसला. या वेळी लोकांना दूर ठेवण्यात आले, त्याची वाट मोकळी सोडण्यात आली, आणि तो रानाकडे परत गेला. गवा तसाच होता. फरक पडला तो माणसांच्या वागण्यात.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे ठेवण्यात आले. गेलेला प्राणी परत आणावयाचा, तर सात समुद्र ओलांडावे लागतात. दाजीपूरचा गवा मात्र अजून आपल्या रानात चरत आहे. त्याला राखण्यासाठी समुद्र ओलांडावयास नको. तो समोर आला असता चार पावले मागे सरण्याचे शहाणपण अंगी असले, म्हणजे पुरे. ते शहाणपण शाळेतील मुलांपर्यंत पोहोचविण्यासाठीच प्राणिसंग्रहालयातील गुरुजी आपली पिशवी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरत असतात.

स्वाध्याय

१. कोल्हापूर दरबारास आफ्रिकेतून चित्ते का आणवावे लागले?
२. साप चावल्यास काय करावे व काय करू नये?
३. 'गवा तसाच होता. फरक पडला तो माणसांच्या वागण्यात.' या वाक्याचा अर्थ पुण्यातील दोन घटनांच्या आधारे स्पष्ट करा.
४. शेतकऱ्याच्या मुलाचा प्रश्न तुम्हांस योग्य वाटतो काय? का?
५. तुमच्या परिसरात आढळणाऱ्या एका वन्य प्राण्याची माहिती वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.