कार्ड वाचून दाखवणारी पोरगी

छोटे, पब्लिक पॉलिसीच्या एम.ए.साठीचा तुझा अर्ज काल रात्री दोनदा वाचला. पहिलंच वाक्य: ‘लहानपणापासून मला देशसेवेची आवड आहे.’ रागावू नकोस, पण हे वाक्य खोड. माझ्याही पहिल्या अर्जात हेच होतं. मुलाखतीत एका सरांनी शांतपणे विचारलं, ‘म्हणजे नेमकं काय करायचंय?’ मला उत्तर सुचेना. त्या वर्षी माझी निवड झाली नाही आणि ते बरोबरच होतं.

आता माझं ऐक. संध्याकाळी आपल्या नार्नूरच्या ओट्यावर कोण येऊन बसतं? शेजारची काकू नातवाचं लसीचं कार्ड घेऊन येते. कार्डावरचं तेलुगू तिला वाचता येत नाही, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. तू बोट ठेवून सांगतेस, ‘काकू, पुढची सुई अमुक तारखेला.’ तिच्यामागे तांड्यावरची बंजारा बाई बँकेचं पासबुक घेऊन उभी असते. घरात गोरमाटी बोलणारी ती, तिला तू मोडक्या हिंदीत समजावतेस. गुड्यातून कोणी गोंडी बोलणारे आजोबा आले की तुझीही दांडी उडते. सरकार माणसाशी कोणत्या भाषेत बोलतं आणि ते माणसाला कळलं नाही तर काय चुकतं, हा प्रश्न तू रोज चहाच्या कपासोबत सोडवतेस. पब्लिक पॉलिसीचा अभ्यास याहून वेगळा नसतो गं. तुझा अर्ज त्या ओट्यावरून सुरू होऊ दे.

त्याला इतिहासाची जोड दे, पण दोनच ओळींत. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले, आपण इकडे, आजच्या तेलंगणात राहिलो. रेघ नकाशावर पडली, बोली मात्र दोन्हीकडे तीच. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, असं सांगणारं कलम 350 अ त्याच साली घटनेत आलं. हे कलम आणि काकूच्या हातातलं कार्ड शेजारी शेजारी ठेवलंस की वाचणारा सरसावून बसेल.

आणखी एक गोष्ट आपल्याच मुलखातली. 1940 मध्ये जोडेघाटला गोंड नेते कोमरम भीम मारले गेले. गोंड का पेटले, हे निजाम सरकारला कळेना, तेव्हा हायमेनडॉर्फ नावाचे मानववंशशास्त्रज्ञ या भागात आले. ते मारलवाईला गोंडांच्या वस्तीत राहिले आणि मग अहवाल लिहिले. गोंड शिक्षक तयार करायला तिथे केंद्र निघालं, गोंडी वाचनमाला देवनागरीत छापल्या. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकारी बसून गाऱ्हाणी ऐकतात ना, तो दरबारही त्याच काळातला. आधी राहायचं, मग ऐकायचं, मग लिहायचं. अर्जात हायमेनडॉर्फवर परिच्छेद पाडू नकोस, फक्त हा क्रम उचल.

नार्नूरचा पुरस्कारही सांगशील, मला माहीत आहे. नीती आयोगाच्या आकांक्षी तालुका कार्यक्रमात देशभरातून निवडलेल्या तालुक्यांत आपलं नाव आहे आणि एप्रिल 2025 मध्ये त्यासाठी पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. अभिमान वाटू दे. पण अर्जात टाळ्या वाजवत बसू नकोस. त्या कार्यक्रमात आरोग्य, शिक्षण, शेती अशा गोष्टी आकड्यांत मोजतात. किती बाळांना लस मिळाली हे आकडा सांगतो. आईला कार्ड वाचता आलं का, ते कोण मोजतं? तुझ्या दहावीच्या वर्गात किती मुली होत्या आणि त्यातल्या किती इंटरला गेल्या, ते स्वतः घरोघर विचारून मोज. अर्जात तेवढा एक आकडा पुरे.

आता कुठे भरायचं. हैदराबादच्या टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, पब्लिक पॉलिसी अँड गव्हर्नन्सचं एम.ए. आहे. त्यासाठी सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे घरात नागोबाचे पाहुणे असतानाच. चुकलेल्या उत्तराला एक गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे ठोकू नकोस. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची परीक्षा वेगळी, तिच्यात पर्याय निवडायचेही असतात आणि लिहायचंही असतं. आयआयटी मुंबईतही धोरण अभ्यासाचं केंद्र आहे. खासगी संस्थांची पत्रकं गुळगुळीत असतात, पण फी बघ आणि बाबांना विचारल्याशिवाय कर्जाला हो म्हणू नकोस. ही पदवी म्हणजे सरकारी नोकरीचा परवाना नव्हे, हे आईलाही आत्ताच सांगून टाक. काम मिळतं ते बहुतेक संस्थांमध्ये, संशोधनात, सरकारी फेलोशिपमध्ये.

आपल्यासारख्या घरातून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या पोरी या वाटेने गेल्याच नाहीत, असं समजू नकोस. पैनगंगेपलीकडे यवतमाळात राजू केंद्रे यांनी एकलव्य इंडिया फाउंडेशन उभं केलं, ते नेमकं अशाच मुलामुलींसाठी. ते स्वतः बुलढाण्यातल्या खेड्यातले, तुळजापूरच्या टिसमध्ये शिकले आणि पुढे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. त्यांच्या मुलाखती ऐक. ‘मी गरीब आहे’ असं रडगाणं न गाता आपलं गाव कसं सांगायचं, ते कळेल.

शिफारसपत्र आमदारांचं आणू नकोस, नाव मोठं असलं तरी ते तुला ओळखत नाहीत. ज्या बाईंनी तुझा प्रोजेक्ट तपासला, त्यांचं आण, आणि महिनाभर आधी माग. अर्ज आधी मराठीत लिही, मग इंग्रजीत. इंग्रजी मी तपासते, पण सांगायचं काय ते तुझं हवं.

शेवटचं, सगळ्यात रुक्ष काम. एसएससी मेमोवर तुझं नाव एक, आधारवर दुसरं आणि मराठी शाळेच्या टी.सी.वर आडनाव आधी. मराठीतून तेलुगूत, तेलुगूतून इंग्रजीत जाताना नावाची अशीच वाट लागते. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मीसेवा केंद्रातून काढायला गेलीस की हेच आडवं येईल, आणि मुदतीच्या आठवड्यात दुरुस्ती होत नसते. देशसेवा नंतर बघू. आज रात्री जेवणं झाली की हे तिन्ही कागद ओट्यावर मांड, फोटो काढ आणि मला पाठव.