चेक परत गेला तर

भारतातून अमेरिकेत नव्याने आलेल्यांच्या डोक्यात कलम १३८ पक्कं बसलेलं असतं. चेक वटला नाही की नोटीस, पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर खटला, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणून इथे भाड्याचा चेक परत गेला की घरात सुतकी कळा येते. तेवढं घाबरू नका. अमेरिकेत हे राज्याराज्यांचे कायदे आहेत आणि फौजदारी गुन्हा ठरायला सहसा फसवण्याचा हेतू किंवा खात्यात पैसे नसल्याची जाणीव दाखवावी लागते.

खरा घोळ पत्र न उघडल्याने होतो. कॅलिफोर्नियात घरमालकाने सर्टिफाइड मेलने मागणी केली आणि तीस दिवसांत पैसे दिले नाहीत, तर मूळ रकमेशिवाय तिच्या तिप्पट भरपाई मागता येते, किमान १०० आणि कमाल १,५०० डॉलर. हे तीस दिवस पत्र टपालात पडल्यापासून मोजतात. टेक्सासमध्ये नोटीस मिळाल्यावर दहा दिवसांत पैसे न देणं हा तुम्हाला आधीच ठाऊक होतं याचा पुरावा धरला जाऊ शकतो, आणि नोटीस चेकवर छापलेल्या पत्त्यावर पाठवली तरी चालते. अपार्टमेंट बदललं, चेकबुक मात्र जुनंच, असं आपल्याकडे सर्रास चालतं. पत्ता बदला, आणि पत्रपेटीत पोस्टाची चिठ्ठी दिसली की त्याच दिवशी जाऊन सही करून पत्र घ्या.

पुढची तारीख घालून चेक देण्याची सवय इथे सोडाच. आधी बँकेला कळवलेलं नसेल तर ती तारखेपूर्वीही पैसे देऊ शकते. उलट चेक निदान सहा महिने जिवंत असतो. घरमालक आळशी असला तर तुमचे पैसे खर्च झाल्यावर तो चेक भरतो. खात्यात दिसणारी जमाही अजून न वटलेल्या चेकची असू शकते.

परत गेलाच, तर त्याच दिवशी फोन करा, पैसे मनी ऑर्डरने द्या आणि पावती लीजच्या फाइलमध्ये लावा. कॅलिफोर्नियात यानंतर तीन महिन्यांपर्यंत घरमालक रोखीचाच आग्रह धरू शकतो, त्यावर वाद घालू नका. प्रकरण कोर्टात गेलंच, तर गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठा. फसवणुकीचा ठपका व्हिसावर आणि पुढे ग्रीन कार्डावरही येऊ शकतो.