जुन्या गोव्याला कधी जावं? हंगामानुसार खर्चाचा हिशेब

जुन्या गोव्यात चर्च पाहायला तिकीट नाही. से कॅथेड्रल, बॉम जेझूस बॅसिलिका, सेंट कॅजेटन, सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा, सगळं फुकट. तिकीट लागतं ते सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला लागून असलेल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयाचं, आणि तेही नाममात्र. मग पैसे जातात कुठे? खोलीवर आणि फिरण्यावर. या दोन्हींचे भाव गोव्यात समुद्रकिनारा ठरवतो. ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही, त्यांनी किनाऱ्याच्या हंगामाचे भाव मोजायचं कारण नाही. तारीख निवडताना हे एवढं धरून चाललं तरी सहलीचा खर्च बराच खाली येतो.

पावसाळा : जून ते सप्टेंबर

खोल्यांचे दर वर्षातले सगळ्यांत कमी. पणजीत डिसेंबरअखेर सहा हजारांना मिळणारी खोली जुलैत दीड-दोन हजारांत मिळू शकते, घासाघीस करायलाही वाव असतो. गर्दी नाही, आणि बॅसिलिकेचा उघडा जांभा दगड भिजून गडद तांबडा झालेला असतो. गेल्या शतकात या इमारतीचा बाहेरचा गिलावा काढून टाकला गेला. त्यामुळे दगड देखणा दिसतो खरा, पण पाऊसही थेट त्याच्यावरच बसतो.

अडचणी दोन. जुलैचा पाऊस सलग कोसळतो, दुचाकीवर फिरणं जिकिरीचं होतं. आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू असतं : गाड्या सावकाश धावतात, वेळा बदलतात. परतीच्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका.

पावसानंतर : ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर

आमची पहिली पसंती हीच. हिरवळ टिकून असते, आकाश मोकळं होतं आणि किनाऱ्याचा हंगाम नुकता सुरू होत असल्याने दर अजून चढलेले नसतात. अपवाद दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांचा. त्या आठवड्यात मुंबई-पुण्याची गर्दी येते आणि भावही तिच्या पाठोपाठ. ऑक्टोबरात दुपारी ऊन चांगलंच तापतं, म्हणून सकाळी लवकर निघा. से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे, १७७६ मध्ये एक मनोरा कोसळल्यावर उरलेला एकच मनोरा सकाळच्या उन्हात छान दिसतो. बॅसिलिकेचं तोंड पश्चिमेला, ती दुपारनंतर पाहावी.

फेस्ताचे दिवस : २० नोव्हेंबर ते ३ डिसेंबर

२४ नोव्हेंबरपासून सेंट फ्रान्सिस झेवियरचा नोव्हेना आणि ३ डिसेंबरला फेस्त. मिस्सा पहाटेपासून, खाज्यांची आणि मेणबत्त्यांची दुकानं, पायी येणारे भाविक. हा सोहळा पाहायचा असेल तर जरूर जा. निवांतपणे वास्तुकला पाहायची असेल तर हे दिवस टाळा. याच सुमारास पणजीत चित्रपट महोत्सव असतो, त्यामुळे तिथली हॉटेलं भरतात. अशा वेळी फोंड्यात उतरणं सोयीचं : अंतर वीसेक किलोमीटर, आणि मंगेशी, शांतादुर्गा त्याच फेरीत होतात. झेवियरच्या अवशेषांचं जाहीर दर्शन मात्र दर दहा वर्षांनी असतं. मागचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झालं.

नाताळ ते नववर्ष

हवा उत्तम, बाकी सगळं महाग. खोलीचा दर दुपटी-तिपटीने वाढतो आणि त्यात कराची मेख आहे. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावर गेलात की १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ८,००० ची ९,४४० ला. दरात फरक सहाशेचा, बिलात १,६७० चा. बुकिंग करताना करासहितचा आकडा विचारा.

जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी

दुसरी पसंती. सकाळ गार, दर उतरणीला लागलेले. २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी आणि कार्निव्हलचे दिवस तेवढे टाळा. एप्रिल-मेमध्ये दर मध्यम असतात, पण दमट उकाड्यात दोन-तीन चर्चनंतर उत्साह ओसरतो.

दोघांचा, दोन रात्रींचा अंदाज (मुंबईहून)

रेल्वे, एसी थ्री टायर, जाऊन-येऊन : सुमारे ४,४०० रुपये, तिन्ही वेळी सारखेच. जेवणखाण : ३,०००, हेही तेच धरू.
जुलै : खोली करासह ३,७८०, दुचाकी ७००. एकूण ११,८८०.
नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा : खोली ५,८८०, दुचाकी ९००. एकूण १४,१८०.
डिसेंबरअखेर : खोली १२,६००, दुचाकी १,६००. एकूण २१,६००.

पेट्रोल वेगळं. आकडे पणजीतल्या साध्या, स्वच्छ हॉटेलचे आहेत आणि थोडे इकडेतिकडे होतील, पण तफावत साधारण अशीच राहते.

पैसे वाचवणाऱ्या गोष्टी

कोकणकन्या आणि मांडवी या गाड्या करमळीला थांबतात. तिथून जुनं गोवं अगदी जवळ. मडगावला उतरून टॅक्सी करण्यापेक्षा हे बरं. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं. डिसेंबरअखेरच्या गाड्यांसाठी त्याच सकाळी बसा, नाहीतर तत्काळ किंवा विमान, म्हणजे वरचा हिशेब कोलमडला. मोपा विमानतळावर उतरणार असाल तर टॅक्सीचे पैसे विमानाच्या तिकिटात मिळवूनच तुलना करा.

पणजी ते जुनं गोवं जेमतेम दहा किलोमीटर, बस सतत असतात आणि तिकीट चहाच्या किमतीत येतं. दुचाकी भाड्याने घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते, पण पोलिसांनी अडवलं की दंड तुमच्या माथी.

व्हाइसरॉय कमानीखालून पुढे गेलात की दिवाडी बेटाची फेरीबोट, पायी प्रवाशांना फुकट. बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला गेलात तर सप्तकोटेश्वराचं देऊळ लागतं. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. अर्धा दिवस ठेवा.

वार पाहून निघा

संग्रहालय शुक्रवारी बंद. रविवारी सकाळी मिस्सांमुळे बॅसिलिकेत पर्यटकांना उशिरा सोडतात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. शनिवार-रविवार खोलीही महाग. म्हणून मंगळवार ते गुरुवार गाठा. सुट्टी एकदाच मिळणार असेल तर दिवाळी नोव्हेंबरात आहे की ऑक्टोबरात ते आधी पाहा आणि तो आठवडा सोडून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख धरा.