सिद्धांत ते चित्रकथा : एक पाठ

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा आपल्या घरोघरी आहे; त्यांचा ग्रंथ प्रत्येक घरात वाचला जातोच, असे नाही. विचार आणि वाचक यांच्यातील हे अंतर चित्रकथेने कमी होईल काय?

२०११ साली ‘नवयान’ने प्रसिद्ध केलेले ‘भीमायन’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांवर आधारलेल्या या पुस्तकाचे लेखन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. त्यांनी माणसांना चौकटींत कोंडले नाही. गोंड परंपरेतील ‘दिग्ना’ नक्षीने पाने विभागली. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विषारी बोलणे विंचवाच्या नांगीसह. शब्द वाचण्यापूर्वीच बोलणाऱ्याची वृत्ती कळते. येथे चित्र मजकुराची सजावट नसून स्वतःच युक्तिवाद करते.

परंतु प्रसंगाचे चित्र होते, तसे सिद्धांताचे होईल काय? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग आणि जातीअंतर्गत विवाह हे तिचे मूळ लक्षण, अशी त्यातील मांडणी आहे. प्रथम एका वर्गाने स्वतःला बंद करून घेतले. काहींनी त्याचे अनुकरण केले, तर काहींपुढे दारे बंद झाल्याने ते वेगळे पडले.

याची चित्रकथा करताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, एका पानावर एकच विधान मांडावे. दुसरे, अमूर्त संज्ञेला दृश्य रूप द्यावे. येथे ते रूप दाराचे. एक घर दार लावते, शेजारचे घर ते पाहून आपलेही लावते, आणि तिसऱ्यापुढे सगळीच दारे बंद होतात. तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे : कारण गाळू नये. निबंधात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांकडे जातीअंतर्गत विवाह टिकवण्याची साधने म्हणून पाहिले आहे. म्हणून चित्रात त्या दाराच्या कड्या व्हाव्यात. नुसता दाराबाहेरचा माणूस रेखाटला, तर वाचकाच्या मनात केवळ करुणा उपजेल. कड्या दाखवल्या, तर तो विचार करू लागेल.

असे पान नातवाने अक्षरओळख नसलेल्या आजीपुढे ठेवावे. “पहिलं दार कुणी लावलं, आणि कशासाठी?” असे तिने विचारले, तर सिद्धांत घरात पोहोचला असे समजावे.